खटला मिटला, पण परवान्याचे काय?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : डॅलसजवळच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी हा प्रश्न विचारला आहे. त्या मूळच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या असून ग्रीन कार्डधारक आहेत आणि एका रुग्णालयात रात्रपाळीत काम करतात. रात्री उशिरा पार्किंगपर्यंत एकटीने चालत जाण्याची त्यांना भीती वाटते, म्हणून पतीच्या आग्रहावरून त्यांनी टेक्सासच्या पिस्तूल परवान्याचा क्लास नोंदवला आहे. अडचण अशी, की चार वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानात सेल्फ-चेकआउटवर काही वस्तू स्कॅन न करता पिशवीत टाकल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला होता. वस्तूंची किंमत सुमारे १३० डॉलर होती. त्यांनी गुन्हा कबूल केला, न्यायालयाने डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन दिले (म्हणजे दोषी न ठरवता ठरावीक काळ देखरेखीखाली ठेवले), देखरेखीचा काळ नीट पार पडला आणि खटला रद्द झाला. ‘तुम्हाला शिक्षा झालेली नाही,’ असे वकिलांनी तेव्हा सांगितले होते. पतीला मात्र त्यांनी ‘एक दंड भरावा लागला’ एवढेच सांगितले आहे. एका परिचिताच्या मते अर्जात हे लिहायची गरज नाही. दुसऱ्याच्या मते टेक्सासमध्ये आता परवानाच लागत नाही, त्यामुळे पिस्तूल विकत घ्यावे आणि मोकळे व्हावे. त्या विचारतात : अर्ज करू का? केला तर काय लिहू? आणि परवाना नाकारला गेला तर मी कायमची गुन्हेगार ठरेन का?

प्रिय भगिनी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांवर त्याची सावली पडली आहे. परवाना मिळाला तर डाग पुसला जाईल आणि नाकारला गेला तर तो पक्का होईल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. आपण ज्या वातावरणात वाढलो तिथे हे साहजिकच आहे. महाराष्ट्रात शस्त्र परवाना म्हणजे शहरात पोलीस आयुक्तालयात आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे खेटे घालणे, पोलिसांची चौकशी, ‘तुम्हाला गरज काय’ या प्रश्नाला पटण्यासारखे उत्तर देणे. आणि एवढे करून ज्याला तो मिळतो, त्याच्या भिंतीवर तो प्रतिष्ठेसारखा लागतो. टेक्सासचा परवाना तसा नाही. तिथला सार्वजनिक सुरक्षा विभाग, म्हणजे डीपीएस, तुमची गरज विचारत नाही आणि तुमच्या चारित्र्याची प्रशस्तीही करत नाही. कायद्यात अटींची एक यादी आहे. ती यादी पुरी करणाऱ्याला परवाना द्यावाच लागतो, आणि एक जरी अट अपुरी राहिली तरी तो देता येत नाही. त्यामुळे नकार आलाच तर त्याचा अर्थ ‘आजच्या तारखेला एक अट पुरी होत नाही’ इतकाच असेल, तुमच्याविषयीचे मत त्यात शोधू नका.

आता ती अट. टेक्सासच्या गव्हर्नमेंट कोडच्या ४११ व्या प्रकरणानुसार, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत क्लास ए किंवा क्लास बी मिसडिमीनरमध्ये, म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या वरच्या दोन श्रेणींत, दोषी ठरलेल्या व्यक्तीला परवाना मिळत नाही. १०० डॉलरपेक्षा कमी किमतीची चोरी क्लास सी धरली जाते आणि तिथे फक्त दंड असतो; १०० ते ७५० डॉलरच्या दरम्यानची चोरी क्लास बी होते, ज्यासाठी १८० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या पिशवीतील वस्तूंची किंमत ही रेषा तीस डॉलरने ओलांडून गेली आणि सगळा घोळ तिथे झाला. तुमच्या वकिलांनी ‘शिक्षा झालेली नाही’ असे म्हटले ते सर्वसाधारण फौजदारी अर्थाने बरोबर होते; पण परवान्याच्या प्रकरणात दोषी ठरण्याची व्याख्या वेगळी दिलेली आहे आणि तिच्यात डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशनचा आदेशही धरला जातो, मग तुम्ही देखरेखीतून कितीही स्वच्छपणे सुटलेल्या असा. अनेक लोक इथेच फसतात, कारण ‘खटला रद्द’ असा शिक्का मारलेला कागद हातात असताना तोच खटला दुसऱ्या टेबलावर जिवंत असेल, असे कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणून पहिले काम भावनेचे नसून तारखेचे आहे. ज्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) खटला चालला तिथल्या काउंटी क्लर्कच्या कार्यालयातून तीन कागदांच्या प्रमाणित प्रती घ्या : आरोपपत्र, डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशनचा आदेश आणि देखरेख संपून खटला रद्द झाल्याचा आदेश. पाच वर्षे मोजायची ती मधल्या कागदावरील तारखेपासून. अटकेची तारीख त्याआधीची असते आणि खटला रद्द झाल्याची तारीख त्यानंतरची. तुमच्या पत्रातील ‘चार वर्षांपूर्वी’ हे यांपैकी कशापासून मोजले आहे, ते मला कळलेले नाही, आणि बहुधा तुम्हालाही नक्की आठवत नसावे. आरोपपत्रावर गुन्ह्याची श्रेणी खरोखर क्लास बी आहे ना, हेही डोळ्यांनी पाहा. कधी कधी सरकारी वकिलाशी झालेल्या तडजोडीत ती उतरवून क्लास सी केलेली असते आणि संबंधितांना पत्ताही नसतो. तसे असेल तर पाच वर्षांची ही अट तुम्हाला लागूच होत नाही.

श्रेणी क्लास बीच निघाली, तर आज अर्ज करणे म्हणजे ४० डॉलर पाण्यात घालणे आहे, कारण हे शुल्क परत मिळत नाही. नकाराचे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत जस्टिस कोर्टात, म्हणजे स्थानिक छोट्या न्यायालयात, सुनावणी मागता येते. परंतु जिथे वाद वस्तुस्थितीचा नसून फक्त पाच वर्षे भरली नसल्याचा आहे, तिथे सुनावणीत सांगण्यासारखे तुमच्याकडे काही नसेल. तेव्हा एक वर्ष थांबणे हा सरळ मार्ग. नोंदवलेला क्लास मात्र रद्द करू नका. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, त्यामुळे ते फुकट जाणार नाही, आणि चार ते सहा तासांच्या वर्गात कायद्याविषयी जे कळते ते पिस्तूल घ्यायचे की नाही हे ठरवायला उपयोगी पडते. तो वर्ग केल्यावर ‘नकोच’ म्हणणारेही असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

थांबण्याआधी वकिलाला एक प्रश्न मात्र जरूर विचारा. परवान्याच्या त्याच व्याख्येत पुढे एक अपवाद आहे : जो आदेश नंतर पुसून टाकण्यात आला, माफ झाला किंवा कायद्यान्वये सीलबंद झाला, तो दोषसिद्धीत धरला जात नाही. क्लास बीच्या डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशनची नोंद टेक्सासमध्ये पूर्णपणे पुसून मिळत नाही, पण पहिलाच आणि हिंसा नसलेला किरकोळ गुन्हा असेल तर ती सीलबंद करणारा नॉन-डिस्क्लोजरचा आदेश अनेकदा मिळू शकतो. तो आपोआप निघाला असेल असे समजू नका. शुल्क भरले नाही किंवा कागद पुढे सरकवला नाही म्हणून कित्येक पात्र माणसांच्या नोंदी वर्षानुवर्षे उघड्याच राहिलेल्या असतात. तुमच्या प्रकरणात असा आदेश आहे का, नसल्यास मिळेल का, आणि मिळाल्यावर परवान्याच्या अर्जातील प्रश्नाला नेमके काय उत्तर द्यायचे, हे फौजदारी वकिलाकडून लेखी घ्या. मी वकील नाही, आणि या शेवटच्या मुद्द्यावर तर माझ्यावरही विसंबू नका.

‘लिहू नकोस, कोण बघतंय’ हा सल्ला मात्र आजच बाजूला ठेवा. अर्जासोबत तुमच्या बोटांचे ठसे जातात आणि ज्या डीपीएसकडे अर्ज जातो, त्याच विभागाकडे राज्यातील गुन्ह्यांच्या नोंदी असतात. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचे, त्याच्याच कपाटात ती फाईल आहे. शिवाय अर्जात महत्त्वाची बाब दडवणे हे परवाना नाकारण्याचे एक स्वतंत्र कारण कायद्यात दिलेले आहे. आज तुमच्या विरोधात १३० डॉलरची एक जुनी घटना आहे, जी वर्षभरात मुदतीबाहेर जाणार आहे. खोटा अर्ज केलात तर तिच्या जागी ताजी, सही केलेली आणि तुमच्याच हातची दुसरी घटना येईल.

ग्रीन कार्डधारकासाठी या दुसऱ्या घटनेची किंमत पिस्तुलापुरती राहत नाही. तुम्ही नागरिकत्वाचा उल्लेख पत्रात केलेला नाही, पण तो विचार घरात असणारच. इमिग्रेशनच्या कायद्यात गुन्हा कबूल करून न्यायालयाने काही बंधन घातले असेल तर ती दोषसिद्धीच मानली जाते. राज्याने खटला रद्द केला किंवा नोंद सीलबंद केली तरी संघीय सरकारच्या लेखी ती उरते. नागरिकत्वाच्या अर्जात तर कधीही झालेली अटक विचारली जाते. चोरी हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा समजला जातो. एकच आणि लहान गुन्हा असेल तर त्याला सवलत देणारी तरतूदही आहे आणि तुमचे प्रकरण तिच्यात बसण्यासारखे दिसते, परंतु हे ठरवायला इमिग्रेशनचाच वकील हवा. त्याला भेटेपर्यंत, आणि शक्य तर नागरिकत्वाचा निर्णय होईपर्यंत, शस्त्राशी संबंधित कोणताही नवा अर्ज करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारण साधे आहे. नागरिक नसलेल्या माणसाला शस्त्रांविषयीच्या कायद्याचा भंग देशाबाहेर काढले जाण्याइतका महाग पडू शकतो, आणि नागरिकाला तो धोका नसतो.

आता दुसऱ्या परिचिताचा सल्ला घेऊ. तो चुकीचा नाही, आणि म्हणूनच जास्त फसवा आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते. त्या कायद्यातही पाच वर्षांची एक अट आहे, पण ती मारहाण, धमकी, शस्त्र दाखवून दहशत अशा काही ठरावीक गुन्ह्यांपुरती आहे आणि चोरी त्यांत नाही. म्हणजे ज्या राज्यात तुम्हाला आज परवाना मिळणार नाही, त्याच राज्यात परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरायला आडकाठी नाही. कायदा असाच आहे. त्यावर हसावे की कपाळाला हात लावावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण तुमचा नऊ वर्षांचा मुलगा शाळेत जातो आणि सकाळी कामावरून परतताना तुम्हीच त्याला सोडता, असे तुम्ही लिहिले आहे. संघीय कायद्यानुसार शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत पिस्तूल घेऊन जाणे हा गुन्हा आहे. त्याच राज्याचा परवाना असलेल्याला यातून सूट मिळते, विनापरवाना माणसाला मिळत नाही. त्याला पिस्तूल गोळ्या काढून कुलूपबंद पेटीत ठेवावे लागते. टेक्सासच्या उपनगरात १,००० फुटांत शाळा येणार नाही असा रस्ता शोधून दाखवा! ‘परवाना लागत नाही’ म्हणणाऱ्या तुमच्या परिचिताला ही गोष्ट माहीत असेलच असे नाही, आणि गाडी थांबवणारा पोलीस त्याला फोन करून विचारणार नाही.

एवढा वेळ आपण ‘मिळेल का’ याविषयी बोललो. ‘त्याने भागेल का’ हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून तो मी विचारतो. भीती वाटते ती रुग्णालयाच्या दारापासून गाडीपर्यंतच्या अंतराची. रुग्णालयाच्या इमारतीत पिस्तूल नेण्यावर कायद्याची बंधने आहेत, त्यावर नोकरीचे नियम आहेत, आणि दारावर एक इंच उंचीच्या अक्षरांत, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत लिहिलेली बंदीची पाटी तुम्ही रोज ओलांडत असालच. टेक्सासच्या कायद्याने एवढी सोय केली आहे, की कर्मचाऱ्याने आपल्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर शस्त्र ठेवले तर मालकाला सहसा मनाई करता येत नाही. पण मग तुमचे पिस्तूल गाडीत असेल आणि तुम्ही दारात असाल. ज्या दोनशे पावलांसाठी हा सगळा खटाटोप चालला आहे, नेमक्या त्याच पावलांवर ते तुमच्याजवळ नसेल. उलट तुम्ही बारा तास कामावर असताना ते पार्किंगमधल्या गाडीत पडून असेल, आणि गाड्या फोडणाऱ्यांना काय हवे असते ते वेगळे सांगायला नको.

परीक्षेचे स्वरूपही पाहा. तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून एकूण पन्नास गोळ्या झाडायच्या आणि २५० पैकी १७५ गुण मिळवायचे. समोर कागदाचे स्थिर लक्ष्य, पुरेसा उजेड आणि बाजूला प्रशिक्षक. बारा तासांच्या पाळीनंतर, खांद्यावर पिशवी आणि हातात फोन असताना, मागून आलेल्या माणसासमोर पिशवीतून पिस्तूल काढणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती सतत सरावाशिवाय येत नाही. हा सराव करण्याची तुमची तयारी असेल तर गोष्ट निराळी. पण तुमच्या पत्रात वेळ नसल्याची तक्रार दोनदा आली आहे, आणि मला तिची दखल घ्यावी लागते.

त्यापेक्षा या आठवड्यात रुग्णालयाच्या सुरक्षा विभागाला ई-मेल पाठवा आणि पाळी संपल्यावर गाडीपर्यंत सोबत मागा. अनेक मोठ्या रुग्णालयांत ही सोय असते आणि संकोचापोटी ती वापरली जात नाही. नसेल तर परिचारिकांनी मिळून ती मागावी; दोघी-तिघींच्या सह्यांचे पत्र व्यवस्थापनाला टाळता येत नाही. दारापासून गाडीपर्यंत कुठले दिवे बंद आहेत, कॅमेरा कुठे नाही, हे त्यात खांबांच्या क्रमांकांसह लिहा. मिरचीच्या फवाऱ्याची लहान डबी टेक्सासमध्ये कायदेशीर आहे. इमारतीत ती चालते का, हे सुरक्षा विभागालाच विचारून घ्या. हे सगळे करूनही धोका खरा वाटत असेल, कुणी पाठलाग करत असेल किंवा धमकी देत असेल, तर मला पुन्हा लिहा, कारण मग तो प्रश्न पोलिसांकडे जाण्याचा आहे आणि माझे उत्तर वेगळे असेल.

घरात पिस्तूल आणायचेच ठरले, तर कुलूपबंद पेटी त्याच्या आधी घरात आली पाहिजे. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागेल असे भरलेले शस्त्र ठेवणे टेक्सासमध्ये गुन्हा आहे. दर उन्हाळ्यात तुमचे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतात, असेही तुम्ही लिहिले आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने सहसा शस्त्र बाळगता येत नाही, तेव्हा त्या पेटीचा आकडा त्यांना ठाऊक नसावा. ‘बाबांना दाखव जरा’ म्हणून सासऱ्यांच्या हातात पिस्तूल देणे हे आपल्याला कौतुक वाटेल, कायद्याला वाटणार नाही.

अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी थोडे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी हा विषयच सोडून द्यावा. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद वगळता त्यांना पिस्तूल आणि गोळ्या दोन्ही जवळ बाळगण्यास संघीय कायद्याची मनाई आहे, आणि मित्राबरोबर नुसते रेंजवर जाऊन नेमबाजी करणेही अंगाशी येऊ शकते. दारू पिऊन गाडी चालवल्याचा पहिला खटला टेक्सासमध्ये साधारणपणे क्लास बी असतो, म्हणजे पाच वर्षांचा हिशेब तिथेही आहे. दहा वर्षांत असे दोन गुन्हे सिद्ध झाले तर कायदा त्या व्यक्तीला व्यसनाधीन समजतो आणि पाच वर्षे सरली तरी दार उघडत नाही. पती-पत्नीमधील मारहाणीच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांवर १९९६ पासून संघीय बंदी आहे आणि तिला मुदत नाही. वेगाची किंवा सिग्नलची तिकिटे मात्र क्लास सी असतात, त्यांची धास्ती घेऊ नये. आणि ज्यांच्याकडे टेक्सासचा परवाना आहे त्यांनी न्यू जर्सीतल्या एडिसनला भावाकडे गाडीने जाताना पिस्तूल घरी ठेवावे, कारण न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया या राज्यांत तो परवाना चालत नाही.

राहता राहिले तुमचे पती. त्यांच्या आग्रहाखातर तुम्ही या वाटेला लागलात आणि ज्या कारणामुळे ही वाट अडली ते त्यांना माहीत नाही. एक वर्ष थांबायचे तर ‘का’ हा प्रश्न येणारच, आणि त्याला दुसरी सबब शोधलीत तर नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी तिसरी शोधावी लागेल. तुम्ही त्यांच्याशी खोटे बोललात असे मी म्हणणार नाही. त्या वेळी तुम्ही भेदरलेल्या होतात आणि जेवढे तोंडातून निघाले तेवढे सांगितलेत. पण वकिलाची भेट, क्लर्कच्या कार्यालयातील फेरी, येणारा खर्च, हे सगळे त्यांना न कळता करणे तुम्हाला त्या जुन्या खटल्यापेक्षा जास्त थकवील. प्रमाणित प्रती हातात आल्या की त्याच संध्याकाळी, मुलगा झोपल्यावर, त्या त्यांच्यासमोर ठेवा आणि प्रथम तारखा दाखवा : हा आदेश कधीचा, हा खटला कधी रद्द झाला, पाच वर्षे कधी भरतात. बाकीचे ते विचारतील तसे सांगा. वकिलाची वेळ घ्याल ती मात्र दोघांना एकत्र जाता येईल अशीच घ्या.